अखंड वाड्याच्या वाटण्या

चांगली चालती, अंगवळणी पडलेली आणि अद्याप कोणतीही कुरकुर न करणारी वस्तू केवळ दूरदेशीच्या एका कचेरीतून निघालेल्या फतव्यामुळे एका विवक्षित दिवशी कालबाह्य ठरावी, ही गोष्ट जुन्या छत्रीला तिसऱ्यांदा कापड घालून घेणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाच्या पचनी पडणे कठीण आहे. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीची नित्याची देखभाल संपुष्टात आणली, आणि पुढील प्रणालीसाठी यंत्राच्या पोटात टीपीएम २.० नामक व्यवस्था असणे अनिवार्य ठरवले, तेव्हा ज्यांची यंत्रे धडधाकट असूनही या एका दाखल्यावाचून अपात्र ठरली अशा कित्येक सद्गृहस्थांनी, कोणाच्या तरी पुतण्याच्या सांगण्यावरून, लिनक्सचा आसरा घेतला. आसरा विनामूल्य मिळाला, विनाविलंब मिळाला, आणि त्यासाठी कोठे सहीशिक्काही करावा लागला नाही. परंतु आजवर ज्यांना 'पत्र कशात लिहावयाचे?' असे कोणी विचारलेच नव्हते, त्यांनी आता तोच प्रश्न भोळेपणाने दुसऱ्याला विचारला आणि एकाच वेळी सात जण उत्तर देऊ लागले.

आमच्या परिचयात एक सेवानिवृत्त मामलेदार आहेत. मित्रमंडळी त्यांना अद्याप रावसाहेबच म्हणतात. आयुष्य फेरफाराच्या नोंदी, हद्दीचे तंटे आणि मोजणीच्या तक्रारी यांत गेल्यामुळे कोणत्याही विषयात 'मूळ मालक कोण?' हा प्रश्न विचारल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. संगणकाकडून त्यांच्या अपेक्षा माफक होत्या. मराठीत चार पत्रे लिहावीत, निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडावा, नातवंडांची छायाचित्रे पाहावीत, सायंकाळी एखादे जुने नाट्यपद ऐकावे, आणि रात्री झोप येईपर्यंत पत्त्यांचा एखादा डाव लावावा. एवढ्या प्रपंचाला कोणकोणते सॉफ्टवेअर लागेल, असे त्यांनी पुतण्यास विचारले तेव्हा पुतण्या क्षणभर गंभीर झाला आणि म्हणाला, "काका, ते तुमच्या वर्कफ्लोवर अवलंबून आहे."

"माझा कसला आलाय फ्लो?" रावसाहेब म्हणाले. "सकाळी चहा, मग पत्रव्यवहार."

"तसं नाही हो काका. म्हणजे तुम्हाला रोलिंग हवंय की स्टेबल? सगळं भरलेलं हवं की मिनिमल?"

रावसाहेबांनी 'स्टेबल' हा शब्द ओळखीचा वाटला म्हणून तो स्वीकारला. पुतण्याने मग उपयुक्त सॉफ्टवेअरची एक यादी करून दिली, आणि ती यादी पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. अशा याद्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांच्या हे ध्यानी आले असेल की, त्या करणाऱ्याचे काम आणि त्याचा संगणक या दोन भिन्न गोष्टी नसतात. संगणक हेच त्याचे काम असते. यंत्राची स्मृती किती खर्च झाली हे पाहण्याची साधने तीन, पडद्याचे चित्र टिपण्याची दोन, प्रोग्रॅम लिहिण्याची पाच, टर्मिनलची चार, आणि पत्र लिहिण्यासंबंधी यादीच्या तळाशी केवळ 'ऑफिस वगैरे' असा उल्लेख. शिवाय प्रत्येक नावापुढे 'किंवा' होते. रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारले, "एका कामाला इतके वाटेकरी कसे?"

प्रश्न वरवर भाबडा दिसला तरी या संपूर्ण शास्त्राच्या मर्मावर त्याने बोट ठेवले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. कारण लिनक्सच्या जगातील सॉफ्टवेअरचा इतिहास हा उपयुक्ततेचा इतिहास नसून भाऊबंदकीचा इतिहास आहे. आणि ज्याला भाऊबंदकी कळते त्याला त्यातील निवड कळण्यास फारसा अवधी लागू नये.

मूळ पुरुष रिचर्ड स्टॉलमन. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत एक नवे मुद्रणयंत्र आले, त्यात कागद वारंवार अडकू लागला, आणि तो अडकल्याची वर्दी देणारी सुधारणा करावी म्हणून स्टॉलमन यांनी त्या यंत्राचा प्रोग्रॅम मागितला, तर तो गुप्त असल्याचे कळले. दुसऱ्या विद्यापीठातील एका गृहस्थाकडे तो होता, पण गुप्ततेच्या करारावर सही केलेली असल्यामुळे त्याने तो देण्यास नकार दिला. आपल्याकडे कागद अडकला तर आपण शिपायाला हाक मारतो. स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू नावाची एक अखंड मुक्त प्रणाली निर्माण करण्याची घोषणा केली आणि १९८९ साली जीपीएल नावाची सनद लिहिली. पुढे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने, हा केवळ एक छंद आहे, त्याचे फार मोठे काही व्हावयाचे नाही, असे स्वतःच जाहीर करून लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहिला, आणि १९९२ साली तो याच सनदेखाली आणला. त्या सनदेचा आशय असा की, ज्याच्या हाती हा प्रोग्रॅम पडेल त्याने तो वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, आणि हवा त्याला द्यावा. अट एकच, की देताना आपल्याला मिळालेले सर्व हक्क पुढच्यालाही द्यावेत.

हे सर्व ऐकून घेतल्यावर रावसाहेबांनी विचारले, "म्हणजे उद्या भावाभावांचं पटलं नाही तर?"

"तर दोघांनाही अख्खा वाडा मिळतो. एक इकडे राहतो, दुसरा त्याची हुबेहूब प्रत घेऊन पलीकडे राहतो, आणि दारावर नवी पाटी लावतो."

"मोजणी नाही, सरसनिरस नाही, कोर्टफी स्टॅम्प नाही?"

"काही नाही."

रावसाहेब बराच वेळ स्तब्ध बसले. मग म्हणाले, "अहो, वाटणीत काही कमीच होणार नसेल, तर माणसं भांडायची थांबतील कशाला?"

ती थांबली नाहीत. डेबियन हे वितरण, म्हणजे तो गाभा व इतर सॉफ्टवेअर एकत्र बांधलेली तयार प्रणाली, इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केले आणि त्याचे नाव आपले व आपल्या तत्कालीन प्रेयसीचे, डेब्राचे, नाव जोडून सिद्ध केले. त्याच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील खेळण्यांची नावे देण्याचा परिपाठ आहे, आणि जी आवृत्ती सदैव कच्ची असते तिला त्या चित्रपटात खेळणी मोडणाऱ्या पोराचे, सिडचे, नाव कायमचे बहाल केलेले आहे. डेबियनमधून २००४ साली उबुंटू निघाले. ते काढणारे मार्क शटलवर्थ हे दक्षिण आफ्रिकेचे धनिक त्यापूर्वी दोनच वर्षे अंतराळात जाऊन आले होते, आणि तेथून परतल्यावर त्यांनी जगभर मागेल त्याला टपालाने फुकट चकत्या पाठवल्या. त्या चकत्या आपल्याकडेही पुष्कळ आल्या, आणि त्यांपैकी काहींनी संगणकाचे व उरलेल्यांनी परसातील पक्षी घाबरवण्याचे काम चोख बजावले. उबुंटूमधून २००६ साली मिंट निघाले. आपल्या सी-डॅकनेही डेबियनच्याच आधारावर 'बॉस' या भारदस्त नावाचे वितरण तयार केले. अशी शेकडो बिऱ्हाडे आज नांदत आहेत, आणि कोणते घ्यावे याविषयी मतभेद इतके तीव्र आहेत की, रावसाहेबांसारख्या गृहस्थाने मिंट घ्यावे व त्या चर्चेकडे पाठ फिरवावी, हे प्रस्तुत लेखकाचे मतही कोणास तरी वैयक्तिक अपमान वाटेल.

वितरण ठरले की पडद्याची शोभा ठरवावी लागते. १९९६ साली जर्मनीत केडीई हा प्रकल्प निघाला. तो ज्या पायावर उभा होता त्या पायाची सनद पुरेशी मुक्त नाही, असा आक्षेप घेऊन १९९७ साली मेक्सिकोच्या दोन तरुणांनी नोम निर्माण केले. २०११ साली नोमने आपल्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व जुनी मांडणी मोडून टाकल्यामुळे रुष्ट झालेल्यांपैकी एका पक्षाने जुनी मांडणी तशीच उचलून तिला दक्षिण अमेरिकेतील एका पेयाचे 'माते' हे नाव दिले, तर दुसऱ्या पक्षाने, म्हणजे मिंटवाल्यांनी, 'सिनॅमन' उभे केले. केडीईच्या घराण्यात बहुतेक नावांत 'के' हे इंग्रजी अक्षर असण्याची रीत असून तेथे कॉन्सोल, केट, क्रिता, ऑक्युलर अशी मंडळी नांदतात; नोमच्या घरी हल्ली उलट प्रघात असून तेथे धारिका पाहण्याच्या प्रोग्रॅमचे नाव 'फाइल्स', घड्याळाचे 'क्लॉक्स', आणि त्यामुळे काही बिघडल्यास त्याची चौकशी कोणत्या नावाने करावी हे कळत नाही. रावसाहेबांना सिनॅमन पसंत पडले. खालच्या डाव्या कोपऱ्यात बटण असावे, ही त्यांची एकमेव मागणी त्यात पूर्ण होते.

आता पत्र. पत्रासाठी लिब्रेऑफिस घ्यावे. याबाबत अपवादात्मक एकमत आहे, आणि तरीही त्याची वंशावळ सर्वांत अधिक गुंतागुंतीची आहे. मार्को ब्योरिस नावाच्या सोळा वर्षांच्या जर्मन मुलाने १९८५ साली काढलेल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस १९९९ साली सन कंपनीने विकत घेतले, ते मुक्त करून त्याचे ओपनऑफिस केले, २०१० साली सन कंपनीच ओरॅकलने गिळली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बिचकलेले कार्यकर्ते सगळा वाडा जसाच्या तसा उचलून बाहेर पडले व त्यांनी लिब्रेऑफिसची पाटी लावली. मागे राहिलेले ओपनऑफिस नंतर अपाची प्रतिष्ठानाकडे गेले. ते अजून आहे. जुन्या वाड्यात एखादी वृद्ध आत्या असते आणि तिला कोणी 'जा' म्हणत नाही, त्यातला हा प्रकार होय. परंतु नव्या गृहस्थाने तिच्याकडे उतरू नये.

लिब्रेऑफिसमध्ये मराठी पत्र लिहू जाता खरी मौज आरंभ होते, आणि येथे जरा रेंगाळणे भाग आहे. रावसाहेबांचे गेल्या पंचवीस वर्षांतील अर्जफाटे, निवेदने आणि एका अपूर्ण आत्मचरित्राची प्रकरणे त्या काळच्या एका खाजगी अक्षरमालिकेत टंकित केलेली होती. अशा अक्षरमालिकांची युक्ती अशी की, संगणकाच्या लेखी ती अक्षरे रोमनच असत, फक्त त्यांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. अक्षरमालिका यंत्रात असेतोवर सोंग उत्तम वठे, आणि नसली की मूळ रूप उघडे पडे. नव्या यंत्रात ती नव्हती. मा. जिल्हाधिकारी महोदयांस सविनय सादर केलेला अर्ज डॉलर, टक्के आणि कंस यांच्या गर्दीत उघडला तेव्हा, "हे त्यांच्या कचेरीत गेल्यावरही असंच दिसलं असणार," असे रावसाहेब उद्गारले, "त्याशिवाय इतक्या वर्षांत एकाचंही उत्तर येऊ नये?"

प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या युनिकोडने ही आपत्ती दूर केली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, म्हणजे लिनक्सच्याच वर्षीची, आणि देवनागरी तिच्यात प्रारंभापासून आहे. लिनक्सवर मराठीसाठी आता काही विकत घ्यावे लागत नाही: रेड हॅट कंपनीची, पुण्यातील अभियंत्यांचा हात लागलेली 'लोहित', मुंबईच्या आयआयटीची 'शोभिका', गूगलची 'नोटो' अशा अक्षरमालिका मुक्त आहेत, आणि लेखाची भाषा 'मराठी' अशी नोंदवली तर त्यांतील काहींमध्ये 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी वळण टाकून आपल्या वळणावर येतात. शुद्धलेखन तपासनीसही मिळतो. तथापि त्याच्या कोशात 'घर' असले तरी 'घरासमोरच्यांनासुद्धा' असे शब्द नसल्यामुळे प्रत्ययांवर प्रत्यय चढवणाऱ्या आपल्या भाषेतील कोणतेही सरळ पत्र तो लाल रेघांनी भरून टाकतो. रावसाहेबांना ते पत्र प्रांताधिकाऱ्यांकडून तपासून आल्यासारखे वाटले, आणि त्यांनी त्याचा राग मानला नाही.

राहता राहिला कळफलक. एक पक्ष रोमन उच्चारावरून टंकन करणारा, दुसरा इन्स्क्रिप्टचा. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात, भारतीय मानक म्हणून त्याला १९९१ सालीच मान्यता मिळाली आहे, आणि आपल्या सर्व प्रमुख लिप्यांना रचना एकच आहे. महिनाभर बोटांना त्रास द्यावा आणि इन्स्क्रिप्टच शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिफ्टसह 'जे' दाबून 'ऱ' उमटवण्याचे आणि पुढे हलन्त व 'य' देऊन 'दुसऱ्या' हा शब्द बिनचूक लिहिण्याचे जे समाधान आहे, ते रोमनवाल्यांना त्यांची पाचही प्रकारची स्पेलिंगे करून मिळत नाही. रावसाहेबांनी ते शिकून घेतले. आणि त्यामुळेच पुढचा प्रसंग ओढवला.

कोणत्याशा मांडणीच्या धारिकेत एक ओळ बदलावयाची होती. पुतण्याने दूरध्वनीवरून सूचना दिल्या, आणि त्या सूचनांत व्ही-आय या दोन अक्षरांचा संपादक उघडण्याचा समावेश होता. हा संपादक बिल जॉय यांनी १९७६ साली, ज्या काळी दूरच्या यंत्राशी बोलताना अक्षरे डोळ्यांदेखत मुंगीच्या पावलांनी येत त्या काळी लिहिला. त्यामुळे प्रत्येक कळ ही स्वतंत्र आज्ञा करून त्यांनी शब्दांची कमालीची काटकसर साधली. त्याचा आजचा वारस विम हा नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांचा, आणि तोही, योगायोगाने, १९९१ सालचा. उघडल्यावर तो युगांडातील गरीब बालकांना साहाय्य करा अशी विनंती करतो, आणि इतक्या सात्त्विक स्वभावाचा प्रोग्रॅम आत आलेल्या पाहुण्याला बाहेर कसा म्हणून जाऊ देत नाही, याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. प्रोग्रॅमरांच्या एका प्रख्यात प्रश्नोत्तर-संकेतस्थळावर 'यातून बाहेर कसे पडावे?' हा प्रश्न २०१७ सालापर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. वस्तुतः उत्तर सोपे आहे: एस्केप दाबावे, मग कोलन, मग क्यू, मग उद्गारचिन्ह, आणि शेवटी एंटर.

परंतु रावसाहेबांचा कळफलक मराठीवर होता. इन्स्क्रिप्टमध्ये कोलनच्या जागी 'छ' आहे, क्यूच्या जागी औकाराची मात्रा आहे, आणि उद्गारचिन्हाच्या जागी 'ऍ'. शिवाय एस्केप दाबावयाचे राहिले. त्यामुळे पुतण्या पलीकडून "कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, काका, आणि एंटर!" असे पुनःपुन्हा बजावीत होता, रावसाहेब तीन कळा निष्ठापूर्वक दाबीत होते, आणि पडद्यावर एकाखाली एक 'छौऍ', 'छौऍ', 'छौऍ' अशा ओळी उमटत होत्या.

"काका, आता काय दिसतंय?"

"छौऍ," रावसाहेब म्हणाले.

पलीकडे दीर्घ शांतता पसरली. चाळीस वर्षे मराठीतून कारभार केलेल्या गृहस्थास विममधून बाहेर पडण्यापूर्वी प्रथम मराठीतून बाहेर पडावे लागते, ही गोष्ट त्या पुतण्यासही तोवर ठाऊक नव्हती.

विमच्या विरोधी पंथाचे नाव ईमॅक्स. त्याचा उगमही १९७६ सालीच झाला, आणि त्याचे आचार्य दुसरे तिसरे कोणी नसून तेच स्टॉलमन होत. ते कधीकधी व्याख्यानात झगा घालून, मस्तकामागे जुन्या संगणकातील चकतीचे तेजोवलय लावून, संताच्या वेशात प्रकट होतात, आणि व्हीआयची मुक्त प्रत वापरणे हे पाप नव्हे, प्रायश्चित्त होय, असा निर्वाळा देतात. ईमॅक्समध्ये पत्र लिहिता येते, टपाल वाचता येते, विटा रचण्याचा खेळ खेळता येतो, आणि या सर्वांमुळे मन खचल्यास 'डॉक्टर' अशी आज्ञा देऊन एका मानसोपचारतज्ज्ञाशी संभाषणही करता येते. दोन्ही पंथांचे अनुयायी परस्परांविषयी जे बोलतात ते येथे देण्याजोगे नाही. ज्याला एक ओळ बदलावयाची आहे त्याने नॅनो वापरावा. त्यात बाहेर पडण्याची कळ पडद्याच्या तळाशी अखंड लिहिलेली असते, आणि बहुधा त्यामुळेच नॅनोच्या नावाने कोणी पंथ काढलेला नाही.

उरलेल्या गोष्टी भराभर उरकता येतील. नाट्यपदे व चित्रपट यांसाठी व्हीएलसी. हे पॅरिसमधील एकोल सँत्राल या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेले काम असून रस्त्यावरील नारिंगी शंकू हे त्याचे बोधचिन्ह आहे, कारण ते विद्यार्थी तसले शंकू जमवीत असत, आणि कसे जमवीत असत हे विचारू नये. डिसेंबरच्या अखेरीस तो शंकू नाताळबाबाची टोपी घालतो, तेव्हा यंत्रात विषाणू शिरला असे समजून घाबरू नये. पीडीएफ वाचण्यास ऑक्युलर. त्याला २०२२ साली जर्मनीचे 'ब्लू एंजल' हे पर्यावरणस्नेहाचे प्रमाणपत्र मिळाले असून असा मान मिळवणारा तो पहिलाच प्रोग्रॅम होय. ग्रंथसंग्रहासाठी कॅलिबर; सोनी कंपनीचे वाचनयंत्र लिनक्सवर चालेना म्हणून कोविद गोयल यांनी २००६ साली ते लिहावयास घेतले. छायाचित्रांवर संस्कार करण्यास गिंप आहे, परंतु नातवंडांचे फोटो कापण्यापुरते ज्याला काम आहे त्याने त्याच्या वाटेस जाऊ नये; लिनक्सचा सुप्रसिद्ध पेंग्विन १९९६ साली त्यातच रंगवला गेला, आणि पेंग्विन रंगवण्याइतकी सवड असेल तरच तो उघडावा. राखणीसाठी मिंटसोबत टाइमशिफ्ट येतो. मात्र तो मूळच्या मांडणीत यंत्र राखतो, तुमची पत्रे राखत नाही, ही बारीक अक्षरांतील अट पुष्कळांना प्रसंग आल्यावरच समजते. पत्रांसाठी देजादुप निराळा लावावा. गंमत अशी की, या राखणदारांविषयी कोठे हमरीतुमरी होताना आढळत नाही. त्यांची शिफारस सर्वच करतात आणि ते लावणारे विरळा.

सॉफ्टवेअर कोणते, हे ठरल्यानंतर ते कोणत्या कोठारातून आणावे, हा आणखी एक कज्जा असतो. डेबियनच्या कोठारात साठ हजारांहून अधिक जिन्नस आहेत आणि ते आणून देणाऱ्या कारकुनाचे नाव ॲप्ट. हा कारकून मोठा विश्वासू, आणि त्याला 'मू' अशी आज्ञा दिली असता तो पडद्यावर एक गाय काढून दाखवतो. त्याच्याच खात्यातील ॲप्टिट्यूड नामक सहकाऱ्यास तीच आज्ञा दिली तर तो, आपल्यात असले काही चावटपणाचे प्रकार नाहीत, असे गंभीरपणे सांगतो, आणि फारच आग्रह केला तर शेवटी अजगराने गिळलेला हत्ती काढून दाखवतो. एवढ्यावर समाधान न होऊन आता स्नॅप, फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज अशी तीन नवी कोठारे निघाली आहेत. उबुंटूने २०१८ साली साधा आकडेमोडीचा गणकही स्नॅपमधून देण्यास प्रारंभ केला, तेव्हा तो उघडेपर्यंत लोकांची तोंडी बेरीज होऊन जात असे. दोन वर्षांनी तो मुकाट्याने जुन्या कोठारात परत आला. त्याच सुमारास मिंटने स्नॅपला आपल्या हद्दीत प्रवेशबंदी केली. या तंट्यात सामान्य माणसाने पडू नये आणि दाराजवळचे कोठार पुरते तोवर लांबच्या कोठारी जाऊ नये. अधिकार नसताना कोणी कोठारात हात घालू गेला, तर सुडो नामक पहारेकरी जुन्या आवृत्त्यांत, या घटनेची वर्दी दिली जाईल, अशी ताकीद देत असे. वर्दी कोणाकडे जाणार, हे तो सांगत नसे. रावसाहेबांना मात्र त्यात काही विचित्र वाटले नाही; अशा कित्येक वर्द्या त्यांनी स्वतः दप्तरदाखल केलेल्या होत्या.

इतके सर्व यथासांग झाल्यावर काही आठवड्यांनी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तो काय पाहतो, पुतण्याच्या यादीतील यच्चयावत सॉफ्टवेअर यंत्रात विराजमान होते आणि रावसाहेब ब्राउझर उघडून बसले होते. विजेचे बिल त्यातच भरले जाई, टपाल त्यातच येई, नाट्यपदे त्यातच वाजत, आणि नातवंडांची छायाचित्रेही मुलगा ज्या दुव्याने पाठवी तो त्यातच उघडे. मिंटसोबत येणारा फायरफॉक्स त्यांना पसंत होता; पण निवृत्तिवेतनाच्या कामाचे एक संकेतस्थळ क्रोमवाचून पान उघडेना, म्हणून पुतण्याने तोही बसवून दिला होता, आणि रावसाहेबांना त्याचे वैषम्य वाटत होते. "एवढा खटाटोप करून कंपनीच्या घरातून निघालो, ते शेवटी दुसऱ्या कंपनीच्या घरात येऊन पडलो," असे ते म्हणाले.

तेव्हा त्यांना तो शेवटचा फेरफार सांगणे भाग पडले. केडीईच्या त्या 'के'च्या घराण्यात कॉन्करर नावाचा एक ब्राउझर होता, आणि पाने रेखण्याचे त्याचे यंत्र केएचटीएमएल या नावाने ओळखले जाई. ॲपलने ते उचलले व २००३ साली सफारी जाहीर केला. त्या शाखेचे नाव वेबकिट. गूगलने वेबकिट घेऊन २००८ साली क्रोम काढला, आणि २०१३ साली तिच्याशीही वाटणी करून ब्लिंक वेगळे केले. पुढे मायक्रोसॉफ्टने आपला स्वतःचा सांगाडा मोडीत काढून एज हा ब्राउझर त्याच ब्लिंकवर उभारला. म्हणजे जगातील बहुतेक खिडक्यांतून आज जे दिसते ते मूळ त्या लिनक्सवाल्यांच्या हौशी वाड्यातले. आणि तो वडिलार्जित वाडा मात्र आता जवळजवळ ओस.

"म्हणजे कूळ मालक झालं," रावसाहेब म्हणाले. "आणि मूळ मालकाचं नाव उताऱ्यावरून गेलं."

गेलेले नाही, असे आम्ही म्हणालो आणि क्रोम प्रत्येक संकेतस्थळाच्या दारी जाताना आपली ओळख म्हणून जी ओळ सादर करतो, ती त्यांना दाखवली. तीत प्रथम मोझिला, मग ॲपलचे वेबकिट, मग कंसात केएचटीएमएल, गेकोसारखे, मग क्रोम, आणि शेवटी सफारी, अशी सर्व भाऊबंदांची नावे ओळीने आहेत.

रावसाहेबांनी ती ओळ, ओठ हलवीत, सातबारा वाचावा तशी अथपासून इतिपर्यंत वाचली. कंसापाशी थांबून तिच्यावर बोट ठेवले. "इतर हक्कांत नोंद आहे की," ते म्हणाले. "मग तक्रार कसली?" आणि क्रोमची खिडकी बंद करून त्यांनी नोमच्या पत्त्यांचा खेळ उघडला, ज्यात डावांचे ऐंशीहून अधिक प्रकार आहेत, आणि त्यांतला कोणता खेळावा याविषयी सुदैवाने पुतण्याने अद्याप काही सांगितलेले नव्हते.